निदानाखालची तारीख

मानसोपचार विभागात माझं काम हिस्टरी घेण्याचं. डॉक्टर पेशंटशी बोलतात, मी पेशंटबरोबर आलेल्या माणसांशी. आई, नवरा, धाकटा भाऊ, कधी शेजारीण, कधी नुसता सोबतीला आलेला मित्र. कधीपासून सुरू झालं, त्याआधी माणूस कसा होता, झोप किती, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हे विचारायचं, ऐकायचं आणि लिहायचं. हे करता करता माझं एक मत घट्ट होत गेलं आहे, तेच इथे मांडते. मानसोपचारात निदान चुकणं काही वेळा अटळ असतं. ते चुकलेलं निदान वर्षानुवर्षं तसंच राहणं मात्र टाळता येतं, आणि माणसाचं खरं नुकसान त्यानेच होतं.

पहिल्या भेटीच्या केसपेपरवर बरेच डॉक्टर आजाराच्या नावाआधी एक प्रश्नचिन्ह काढतात. म्हणजे आज असं वाटतंय, पण अजून बघायचं आहे. मग पेशंट वॉर्डात दाखल होतो, तिथे नवा कागद होतो. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड भरलं जातं, ते बहुतेकदा घाईत. पुढच्या ओपीडीत ते कार्ड बघून तिसरा कागद, विम्याच्या फॉर्मसाठी चौथा. या नकला होता होता ते प्रश्नचिन्ह कुठेतरी गळून पडतं. मुद्दाम कुणी खोडलेलं नसतं, फॉर्मच्या चौकटीत संशयाला जागा नसते इतकंच. वर्षभराने फाईल उघडावी तर तिथे ‘स्किझोफ्रेनिया’ असं ठाम लिहिलेलं, आणि ते कुणी, कधी, कशावरून लिहिलं याचा पत्ता नाही. नवा डॉक्टर आधी ते वाचतो आणि मग पेशंटकडे बघतो. पेशंट गप्प राहिला तर ते आजाराचं लक्षण, चिडला तरी आजाराचंच लक्षण.

इतर शाखांमध्येही निदानं चुकतात. पण तिथे चूक कधी ना कधी उघडी पडण्याची शक्यता असते. गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडलं की काय आहे ते दिसतं, शवविच्छेदनात तर लपवायला काही उरत नाही. नैराश्य आहे की बायपोलर (कधी उदासी, तर कधी उन्माद म्हणजे अतिउत्साहाचा झटका येणारा आजार), हे सांगणारी रक्ताची तपासणी आजही नाही. स्कॅन काढतात तो मेंदूत दुसरं काही नाही ना हे बघायला. त्यामुळे निदान करणाऱ्याला आपलं चुकलं हे कळायचा रस्ताच फार अरुंद आहे. ज्याला गुण आला नाही तो पेशंट तक्रार न करता दुसरीकडे जातो. काहींना आजाराचा तो झटका आपसूक ओसरल्याने बरं वाटतं आणि श्रेय निदानाला मिळतं. त्यात आमच्या औषधांचा पल्ला मोठा. एकच अँटिसायकॉटिक गोळी स्किझोफ्रेनियातले भास कमी करते, उन्मादही शांत करते आणि तापातल्या बडबडीलाही आवर घालते. ‘गोळीने फरक पडला, म्हणजे आजार तोच’ हा युक्तिवाद मी नातेवाइकांकडून ऐकते तसा जाणत्या माणसांकडूनही ऐकते. तो टिकणारा नाही.

या शाखेने स्वतःकडे बघितलंच नाही असं मात्र नाही, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान ब्रिटनपेक्षा कितीतरी जास्त होत होतं. न्यूयॉर्कची माणसं लंडनच्या माणसांपेक्षा खरोखरच जास्त आजारी होती का? दोन्ही शहरांतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्यांना एकाच ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारून पाहिलं, तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशंट सारखेच होते, वेगळी होती ती डॉक्टरांची सवय. १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकाराने अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली आणि कुठली लक्षणं, किती, किती काळ असली तर कुठलं नाव द्यायचं याचे लेखी निकष ठरले.

निकषांनी बरंच सावरलं, पण सगळं नाही. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीसाठी क्षेत्रचाचण्या झाल्या. दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटला वेगवेगळं तपासायचं आणि निदान किती जुळतं ते मोजायचं. निव्वळ योगायोगाने जुळेल तितकंच जुळलं तर शून्य, पूर्ण जुळलं तर एक, अशी ही पट्टी. मोठ्या आघातानंतरच्या तणावविकाराला ०.६७ मिळाले. नैराश्याला ०.२८. रोज सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं निदान, आणि त्यावर दोन तज्ज्ञांची एकवाक्यता एवढीच. यावरून कुणी नैराश्य हा आजारच खोटा असं म्हणू लागलं तर मी भांडेन. नैराश्य अगदी खरं असतं, मी ते रोज समोर बसलेलं बघते. पण ते क्वचितच एकटं येतं. सोबत चिंता असते, दारू असते, जुनं दुखणं असतं, आणि कधी कधी त्याच्या मागे उभा असलेला दुसराच आजार असतो.

त्या दुसऱ्या आजाराबद्दल जरा थांबून लिहायला हवं. बायपोलर असलेला माणूस डॉक्टरांकडे येतो तो बहुधा उदासीच्या काळात. उन्मादाच्या, विशेषतः सौम्य उन्मादाच्या काळात तो कशाला येईल? त्याला तेव्हा छान वाटत असतं. तो काळ त्याच्या लेखी आजाराचा नसतोच, उलट आपण खरे कसे आहोत याचा तो पुरावा असतो. त्यामुळे ‘आधी कधी काही त्रास?’ असं विचारलं की तो मनापासून ‘नाही’ म्हणतो. अमेरिकेत बायपोलर असलेल्या लोकांची एक पाहणी २००० साली झाली होती. त्यातल्या ६९ टक्के लोकांनी आपलं निदान आधी चुकल्याचं सांगितलं, आणि तेव्हा दिलेलं सगळ्यात सामान्य नाव होतं नैराश्य. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना बरोबर निदानासाठी दहा वर्षं किंवा त्याहून अधिक थांबावं लागलं. मधल्या काळात नुसत्या नैराश्याच्या गोळ्या चालतात, आणि मूड स्थिर ठेवणारं औषध सोबत नसेल तर त्याच गोळ्या काहींना उन्मादाकडे ढकलू शकतात.

नैराश्याचं कार्ड घेऊन एक शिक्षिका बहिणीबरोबर आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी इथे आणि पुढेही बदलले आहेत.) त्या स्वतः फारसं बोलत नव्हत्या. बहिणीला मी विचारलं, “ताईंना कधी असं झालंय का, की झोप दोन-तीन तासच, पण दिवसभर थकवा म्हणून नाही?”

“अहो, ती कामसूच आहे. एकदा तर सगळं घर तिने एकटीने रंगवलं.”

“कधी?”

“तिची बदली झाली त्याच्या आधी. रात्री दोन-दोन वाजता रंगवत असायची. आम्हाला कौतुकच वाटायचं.”

“किती दिवस चाललं ते?”

“पंधराएक दिवस. तेव्हाच तिने ते कर्ज काढलं ना, क्लास सुरू करायचा म्हणून. मग सगळंच बसलं.”

आधीच्या कागदांवर हे कुठेच नव्हतं. विचारलं गेलं नव्हतं असंही नाही, ‘उन्मादाचा पूर्वेतिहास: नाही’ असं नीट लिहिलेलं होतं. पण तो प्रश्न त्यांनाच विचारला होता, उदास असताना, आणि ‘कधी खूप आनंदी वाटतं का?’ अशा शब्दांत. माझा अनुभव असा की आनंदाबद्दल विचारून काही हाती लागत नाही. झोप, पैसा आणि बोलण्याचा वेग यांबद्दल विचारावं, आणि ते घरात राहणाऱ्या माणसाला विचारावं. नातेवाइकांना कौतुकाच्या सुरात आठवणाऱ्या गोष्टी मी विशेष लक्ष देऊन ऐकते.

दुसरं एक उदाहरण वॉर्डातलं. भास होतात म्हणून दाखल केलेला तरुण मुलगा. दोन-तीन दिवसांत भास कमी झाले, पण तो व्हरांड्यात सारख्या फेऱ्या मारू लागला. जेवायला बसवलं की चार घासांत उठायचा. खाटेवर बसला तरी पाय हलत, एका पायावरचा भार दुसऱ्यावर. रात्रीच्या नोंदीत ‘अस्वस्थ, चिडचिड, सूचना ऐकत नाही’ असं लिहिलं गेलं. अशा वेळी सरळ निष्कर्ष निघतो तो आजार वाढल्याचा, आणि सरळ उपाय म्हणजे डोस वाढवणं. सकाळच्या राऊंडला तशी चर्चा सुरूही झाली. तेवढ्यात त्या वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी हा असा नव्हता. आला त्या दिवशी कोपऱ्यात बसून होता. आणि तो चिडत नाहीये, त्याला बसवत नाहीये.” डॉक्टरांनी मुलाला एकच विचारलं, “ही तगमग मनात आहे की पायांत?” तो लगेच म्हणाला, “पायांत. आतून कुणीतरी ढकलतंय.”

याला अकाथिसिया म्हणतात. अँटिसायकॉटिक औषधांचा हा माहितीतला दुष्परिणाम, उलटीवरच्या काही औषधांनीसुद्धा होतो. बाहेरून तो हुबेहूब आजार बळावल्यासारखा दिसतो. ओळखला नाही तर डोस वाढतो, डोस वाढला की तगमग वाढते, आणि फाईलवर ‘औषधाला दाद न देणारा’ असा नवा शिक्का बसतो. कुणाकुणाला ही तगमग इतकी असह्य होते की जगणं नको वाटू लागतं. इथे डोस कमी केला, सोबत एक साधं औषध दिलं आणि काही दिवसांत तो मुलगा शांत बसून जेवू लागला. सिस्टरांनी काही मोठं शास्त्र सांगितलं नव्हतं. काय आधी घडलं आणि काय नंतर, एवढंच सांगितलं. राऊंडमध्ये हे मोठ्याने म्हणायची मुभा त्यांना होती, हे मला त्या औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. जिथे नर्सने तोंड उघडायचं नसतं तिथे अशा नोंदी वहीतच राहतात.

मग शरीराचे आजार, जे मनाचा वेश घेऊन येतात. ही यादी जुनी आणि लांब आहे. एकेकाळी मनोरुग्णालयांतल्या कितीतरी खाटा ज्या वेडाने भरलेल्या असत, ते सिफिलिसमुळे होतं. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना त्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले आणि तो वाद संपला. १९४९ मध्ये रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १४ रुग्णांची हकीकत छापली. थायरॉइड मंदावल्याने त्यांचं मन बिघडलं होतं आणि ते कुणाच्या चटकन लक्षात आलं नव्हतं. आज थायरॉइडची तपासणी सहज होते, तरी ती न करताच नैराश्याच्या गोळ्यांवर ठेवलेली माणसं मला भेटतात. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसाने उन्माद येऊ शकतो, बी-१२ च्या कमतरतेने विचार गढूळ होतात, फिट्सचे काही प्रकार भासांसारखे दिसतात.

सगळ्यात जास्त निसटतो तो डिलिरियम, म्हणजे शरीराच्या आजाराने किंवा औषधाने मेंदू अचानक गोंधळून जाणं, त्यातही शांत प्रकारचा. वयस्कर माणूस बोलेनासा होतो, जेवत नाही, पडून राहतो. सगळ्यांना वाटतं, खचले. पण घरच्यांना नीट विचारलं तर कळतं की हे महिन्यांत झालेलं नाही, गेल्या तीन दिवसांत झालं आहे. सकाळी जरा बरे असतात आणि संध्याकाळी मुलालाही ओळखत नाहीत. अशा माणसाला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगावेत, डिसेंबरपासून मागे. उदास माणूस हळूहळू, कंटाळत का होईना, बहुधा म्हणतो. डिलिरियममधला माणूस दोन-तीन महिन्यांतच धागा हरवतो. मग लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम, नुकतंच सुरू केलेलं एखादं औषध असं काहीतरी सापडतं, आणि ते वेळेत सापडणं हा कधी कधी जीवनमरणाचा प्रश्न असतो.

२००९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सुझाना कॅहालन या तरुण पत्रकाराला अचानक संशय, भास, झटके सुरू झाले. आधी दारू, ताण, मानसिक आजार अशी कारणं पुढे आली. शेवटी सोहेल नज्जार या डॉक्टरांनी तिला घड्याळाची तबकडी काढायला सांगितली. तिने बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबले. मेंदूच्या उजव्या बाजूला सूज आहे हे त्या कागदावरून सुचलं. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवरच (पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूंवरच) हल्ला करते असा हा आजार. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी, ओळखला होता. ती बरी झाली. पुढे तिने डेव्हिड रोझनहान यांच्या १९७३ च्या गाजलेल्या प्रयोगाचा माग काढला. निरोगी माणसं ‘आवाज ऐकू येतात’ एवढंच सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि आतल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांपैकी कुणालाच ती निरोगी वाटली नाहीत, असा तो प्रयोग. कॅहालनच्या शोधानंतर त्याच्या सच्चेपणावर गंभीर शंका उभ्या राहिल्या आहेत. मला हे महत्त्वाचं वाटतं. निदानं चुकतात हे सांगण्यासाठी भक्कम पुरावे पुरेसे आहेत, डळमळीत प्रयोगाचा आधार घ्यायची गरज नाही.

याची उलट बाजूही तितकीच जीवघेणी. फाईलवर मानसिक आजाराचं नाव असलं की छातीत दुखणं, पोटात कळ, धाप हे सगळं ‘त्याचंच’ मानलं जातं. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसालाही अपेंडिक्स असतं. तो दुखणं जरा वेगळ्या शब्दांत सांगतो, इतकाच फरक.

मग करायचं काय? उपाय माहीत आहेत आणि ते फारसे झगमगीत नाहीत. २००५ मध्ये मार्क ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी निदान चुकल्याची १०० प्रकरणं तपासली. ती मानसोपचारातली नव्हती, सर्वसाधारण वैद्यकातली होती. विचारातल्या त्रुटींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडली ती एकच: पटण्यासारखं एक उत्तर मिळालं की शोध तिथेच थांबवणं. त्यावर, निदान लिहिण्याआधी थांबून ‘हे नसेल तर दुसरं काय असेल, आणि यात न बसणारं काय आहे?’ असं स्वतःला विचारायची सवय लावणं हा एक उपाय. ठरावीक प्रश्नांची मुलाखत हा दुसरा. अशा मुलाखतींना विरोध होतो, माणूस चौकोनात कोंबला जातो असं म्हणतात. मला उलट वाटतं. दारू, उन्माद, आघात, घरातली मारहाण या गोष्टी संकोचाने किंवा घाईने वगळल्या जातात. यादी हातात असली की त्या वगळता येत नाहीत. यादी संपल्यावर मोकळं बोलायला कुणी अडवलेलं नसतं. मोबाइलवर नऊ प्रश्नांची उत्तरं देऊन आलेल्या आकड्याला मात्र निदान समजू नये. ती चाळणी आहे, दार ठोठवावं की नाही एवढंच ती सांगते.

तिसरा उपाय मला सगळ्यात जवळचा. स्पिट्झर यांनीच १९८३ मध्ये सुचवलं होतं की रक्ताची तपासणी नसलेल्या या शाखेत निदानाची कसोटी तीन गोष्टींवर घ्यावी: काळाच्या ओघात केलेलं निरीक्षण, जाणकारांचं एकत्र बसून झालेलं मत आणि मिळेल तिथून गोळा केलेली सगळी माहिती. एका भेटीत, एका माणसाने, फक्त पेशंटला विचारून केलेलं निदान या तिन्ही अर्थांनी अपुरं. ते करूच नये असं नाही, उपचार सुरू करायला काहीतरी नाव लागतंच. पण त्याखाली तारीख हवी, आणि ते पुन्हा कधी तपासायचं याची दुसरी तारीख हवी.

‘वेळ कुठे आहे?’ हे मला रोज ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. बाहेर रांग असते, एकेका डॉक्टरच्या वाट्याला काही मिनिटं येतात. म्हणूनच सगळा भार डॉक्टरांच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. हिस्टरी दुसऱ्या कुणी सविस्तर घ्यावी, नर्सच्या नोंदी राऊंडला वाचल्या जाव्यात, अपेक्षेप्रमाणे बरा न होणारा पेशंट आठवड्याच्या बैठकीत ज्याने त्याला आधी पाहिलेलं नाही अशा डॉक्टरसमोर ठेवावा. घरच्यांनी एका कागदावर वर्षांप्रमाणे लिहून आणलं, कधी काय झालं, कुठली गोळी कधी सुरू झाली, कधी बंद केली, तर माझा अर्धा तास वाचतो आणि गोष्टही नीट उलगडते.

आणि सांगणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीने २०१५ च्या अहवालात निदानातल्या चुकीची व्याख्या दोन भागांत केली: प्रश्नाचं अचूक आणि वेळेवर उत्तर न मिळणं हा एक भाग, आणि मिळालेलं उत्तर पेशंटपर्यंत न पोहोचवणं हा दुसरा. तो दुसरा भाग वाचून मला फार बरं वाटलं. निदान बदललं की पेशंट हादरतात. त्या शिक्षिकांनी विचारलं होतं, “मग इतकी वर्षं मी कशाच्या गोळ्या खाल्ल्या?” डॉक्टर त्यांच्यासमोर बसले आणि आधी काय दिसत होतं, आता काय नवीन कळलं, कशामुळे मत बदललं, यापुढे कशावर नजर ठेवायची, हे बहिणीच्या देखत समजावलं. चिडल्या, रडल्या, पण पुढच्या तारखेला आल्या. त्यांची झोप आता बहीण वहीत मांडते.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर निदानासाठी एकच ओळ आहे. तिथे चार असाव्यात असा अर्ज मी केला आहे: निदान, ते कशावरून केलं, त्याची खात्री किती, आणि ते पुन्हा तपासायची तारीख. छापील कार्डं संपल्यावर बघू, असं उत्तर आलं आहे. तोपर्यंत मी निदानाशिवायच्या उरलेल्या तीन गोष्टी कार्डाच्या मागच्या बाजूला हाताने लिहून डॉक्टरांची सही घेते.